इंजिन बांधलं, तरी तीच तक्रार: पिस्टन आणि कनेक्टिंग बसवताना कुठे चुकतं

इंजिन उघडलं, बोरिंग (घासलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं) झालं, नवे पिस्टन-रिंग पडले, पैसे मोजून झाले. आणि काही हजार किलोमीटरच्या आत सायलेन्सरमधून पुन्हा निळा धूर, नाहीतर ऑइल खाणं, नाहीतर आतून ठकठक. मग मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, पार्टवाला म्हणतो फिटिंग चुकलं, आणि बोरिंगवाला फोनच उचलत नाही. पुन्हा इंजिन उतरतं, पुन्हा रिंगचा सेट येतो, आणि तक्रार जागच्या जागी.

डुप्लिकेट पार्ट बाजारात आहेत, ते नाकारत नाही. पण अशी परत आलेली इंजिनं उघडल्यावर बहुतेक वेळा नवा पार्ट ठीकच असतो. तो ज्यात बसवला तो बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), तो रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड), ती क्रँकची पिन (जिच्यावर रॉड बसतो) यांना मात्र कुणी माप लावलेलं नसतं. खाली लिहिलंय ते सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

उदाहरणासाठी मारुती ८०० आणि ओम्नीतलं जुनं ७९६ सीसीचं इंजिन घेतो. ६८.५ मिमी बोअर, ७२ मिमी स्ट्रोक, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२. हे इंजिन कधीच न बांधलेला मेकॅनिक आपल्याकडे शोधून काढावा लागेल. पद्धत कुठल्याही सरळ ओळीतल्या इंजिनाला लागू पडते. टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि क्लिअरन्सचे (फटीचे) आकडे मात्र ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

हेड उघडण्याआधी

धूर निळा आहे म्हणजे रिंगच गेल्या, हे गृहीत धरून कामाला लागणं ही पहिली गफलत. व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारे) गेले तरी धूर निळाच येतो. फरक ओळखायला घाट उत्तम. कसारा किंवा खंबाटकी उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो, आणि तो व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत ओढतो. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा लोट सुटला, किंवा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना तेवढ्यापुरता धूर आला, तर आधी सील आणि गाइड बघा. चढावर, भार असताना धूर सतत येत असेल तर संशय रिंग आणि बोअरवर.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही सिलिंडरांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. एखादा सिलिंडर दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगकडे. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदमच कमी असतील तर त्या दोघांमधली गॅस्केट.

ब्रीदरचा पाइप तुंबला नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या. क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट नसली तर चांगल्या रिंगांच्या इंजिनातूनही ऑइल बाहेर येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यावाचून अख्खं इंजिन उतरवलेल्या गाड्या आहेत.

तोच सिलिंडर पुन्हा पुन्हा

तिन्ही सिलिंडरांना एकाच सेटमधल्या रिंग पडल्या, एकाच दिवशी बोरिंग झालं, आणि दर वेळी दोन नंबरच ऑइल खातो. अशा वेळी रिंगांचा पुढचा सेट आणू नका. कनेक्टिंग रॉड तपासा. तो वाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

रॉड वाकतो बहुधा पाण्याने. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यात बुडालेल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं हातोहात विकल्या जात होत्या. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण. पुराच्या पाण्यातून गाडी चालवली, किंवा बंद पडल्यावर त्याच पाण्यात सेल्फ मारला, की एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हिशेब करून बघा. या इंजिनाचा एक सिलिंडर २६५ सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो साधारण नऊ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३३ सीसीच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन टेबलस्पून. त्याहून जास्त पाणी आत असलं तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, कारण पाणी दबत नाही. इंजिन वेगात असेल तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. हळू असेल तर नुसता वाकतो, आणि हेच जास्त त्रासाचं. कारण पाणी काढलं, प्लग सुकवले, की गाडी सुरू होते आणि मालक खूश होतो.

वाकलेल्या रॉडवर पिस्टन बोअरमध्ये तिरका चालतो. रिंग एका बाजूला दाबल्या जातात, दुसऱ्या बाजूला सुटतात. काढलेल्या पिस्टनच्या स्कर्टवरचे (रिंगांखालच्या भागावरचे) ओरखडे नीट बघितले तर कोडं तिथेच सुटतं. सरळ रॉडच्या पिस्टनवर घासल्याच्या खुणा पिस्टन-पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, दोन्ही बाजूंना मधोमध असतात. वाकलेल्यावर त्या तिरक्या जातात: एका बाजूला वर, समोरच्या बाजूला खाली. बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाची) शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पाती, हीही एका कडेलाच जास्त घासलेली दिसते.

गॅरेजात करता येण्यासारख्या दोन तपासण्या. पहिली हेड काढल्यावर लगेच: प्रत्येक पिस्टन टॉपला आणून त्याचा माथा ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली किंवा वर आहे ते डायल गेजने, नसेल तर व्हर्निअरच्या डेप्थ पट्टीने मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटरने खाली राहत असेल तर त्याचा रॉड आखूड झालाय, म्हणजेच वाकलाय. दुसरी जुळवणीच्या वेळी: पिस्टन रिंगांशिवाय बोअरमध्ये घाला, रॉड क्रँकला नीट टॉर्क करून बसवा, क्रँक हळू फिरवा आणि पिनच्या दिशेला, म्हणजे पुलीच्या आणि फ्लायव्हीलच्या बाजूला, पिस्टनच्या माथ्याशी फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. दोन्हीकडे फट सारखी हवी. क्रँक फिरेल तसा पिस्टन एका अंगाला कलत असेल तर रॉड मशीन शॉपमध्ये जिगवर तपासायला द्या. वाक १०० मिमी लांबीमागे ०.०५ मिमीच्या आसपासच चालतो. डोळ्याने बघून किंवा काचेवर ठेवून तो कळणार नाही.

वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून देणारे आहेत. मी घेत नाही. दुसऱ्या जुन्या पण सरळ रॉडची किंमत आणि पुन्हा इंजिन उतरवण्याची मजुरी शेजारी मांडली की विचार करण्यासारखं काही उरत नाही.

रिंग गॅप हाच स्वस्तातला बोअर गेज

बोरिंग करायचं की नुसत्या रिंग बदलून भागेल, हा निर्णय बोटाने कड चाचपून घेतला जातो. डायल बोअर गेज नसेल तर रिंगलाच मापाला लावा. कॉम्प्रेशन रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती सरळ, समतल करा, आणि टोकांमधला गॅप फीलर गेजने मोजा. एकदा वर, जिथे रिंग चालते तिथे. एकदा अगदी खाली, जिथे बोअर घासलेला नसतो. दोन गॅपमधल्या फरकाला ३.१४ ने भागा. जे येईल तेवढा बोअर वरच्या बाजूला रुंदावलाय. वर ०.६० आणि खाली ०.२८ आला तर फरक ०.३२, म्हणजे ०.१० मिमी झीज. एवढ्या झिजेवर नवी रिंग घातली तर ती दर फेरीत उघडझाप करते आणि खाचेत मोकळी होत जाते. अशा बोअरला बोरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज (तेवढा मोठा) पिस्टन घालण्यावाचून इलाज नाही.

ही पद्धत लांबटपणा दाखवत नाही, फक्त सरासरी व्यास सांगते. तरी बोटापेक्षा हजार पटीने बरी.

गॅप किती हवा? साध्या पेट्रोल इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा ढोबळ नियम. ६८.५ मिमीला तो ०.२० ते ०.२७ मिमी येतो. कमी असेल तर इंजिन तापल्यावर रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरला खरवडते आणि वेळप्रसंगी पिस्टनची कड घेऊन तुटते. ‘टाईट बसवलंय, आता कॉम्प्रेशन मस्त’ म्हणून दिलेल्या इंजिनात हेच होतं. गॅप वाढवायचा असेल तर कानस बाहेरून आतल्या दिशेला चालवा, म्हणजे बाहेरच्या अंगावरचं क्रोमचं आवरण उडत नाही. आणि प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये मोजली त्याच सिलिंडरला लावा.

ओव्हरसाइज रिंग कानशीने कमी करून झिजलेल्या स्टँडर्ड बोअरमध्ये घालायची एक जुनी युक्ती आहे. रिंगचा गोलवा मोठ्या बोअरसाठी घडवलेला असतो. लहान बोअरमध्ये ती सगळीकडे सारखी टेकत नाही. महिनाभर धूर कमी वाटतो, एवढंच.

बोरिंग न करता नुसत्या रिंग बदलत असाल तर बोअरच्या वरच्या टोकाला, जिथे जुनी रिंग पोचत नव्हती, तिथे उरलेली कड काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी वरची रिंग त्या कडेच्या आकाराप्रमाणे घासून गोल झालेली असते. नवीला धारदार कोपरा असतो, आणि तो दर फेरीला त्या कडेवर आपटतो. पहिल्या आठवड्यातली टिकटिक आणि पुढे तुटलेली रिंग, दोन्ही यातूनच.

रिंग पिस्टनवर चढवताना ठिपका, ‘टॉप’ किंवा कंपनीचं अक्षर असलेली बाजू वर. दुसरी रिंग तिरप्या तोंडाची असते, ऑइल खाली खरवडण्यासाठी; उलटी बसली तर तेच ऑइल वर ढकलते. बांधल्या दिवसापासून धूर असलेल्या इंजिनात मी आधी हीच बघतो. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगमध्ये मधल्या जाळीची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. बऱ्याच सेटमध्ये त्या टोकांना रंग लावलेला असतो, दोन्ही रंग दिसले पाहिजेत. गॅप एकमेकांपासून लांब ठेवा, पिनच्या रेषेवर आणि स्कर्टच्या समोर नको. पण ‘गॅप एका रेषेत आले म्हणून धूर’ हे जे कारण सर्रास ऐकवलं जातं ते मला पटत नाही. इंजिन चालू असताना रिंग खाचेत फिरतच असतात.

होनिंगनंतरची धुलाई

सगळ्यात कमी वेळ दिला जाणारा भाग, आणि माझ्या मते दोन-पाच हजार किलोमीटरमध्ये परत येणाऱ्या इंजिनांचं सगळ्यात मोठं कारण.

होनिंगच्या (बोरिंगनंतर बोअर घासून रेघा पाडण्याच्या) दगडाचे बारीक कण बोअरवरच्या तिरप्या रेघांमध्ये अडकून बसतात. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने ब्लॉक धुतला की वरची घाण जाते आणि बोअर चकचकीत दिसतो, पण ते कण रेघांमध्ये अजून खाली बसतात. मग नव्या रिंग सॅंडपेपरवर चालवल्यासारख्या झिजतात आणि तोच चुरा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतो. कणांना बाहेर काढतो तो साबण. गरम पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण किंवा कपड्याची पावडर, आणि ताठ नायलॉनचा ब्रश. घासा, धुवा, पुन्हा घासा. मग पांढऱ्या सुती फडक्याला स्वच्छ ऑइल लावून बोअर पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा साबण. फडकं पांढरंच राहीपर्यंत.

धुतल्यावर हवा मारून लगेच ऑइलचा हात फिरवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओला बोअर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस झालेला असतो. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा आणि क्रँकमधली आरपार भोकंही याच वेळी ब्रश घालून साफ करा. क्रँक ग्राइंडिंग (पिना घासून बारीक) करून आली असेल तर हमखास.

क्रँक जड झाली

आता प्रत्यक्ष जुळवणी. कायम येणारी अडचण अशी: तिन्ही पिस्टन बसवले, सगळे नट आवळले, आणि क्रँक फिरेना. मग लांब पाइप लावून जोर करतात, किंवा ‘चालेल, सेट होईल’ म्हणून गाडी टोचन करून सुरू करतात. जाम कुठे आहे ते शोधायला आता तिन्ही पिस्टन संशयित आहेत. म्हणून तिथवर पोचायचंच नाही. नुसत्या मेन बेअरिंगवर क्रँक बसवून टॉर्क केली की हाताने फिरवा, बोटांनी फिरली पाहिजे. नंतर प्रत्येक पिस्टन बसवून, त्याच्या रॉडच्या कॅपला (बिग एंडच्या सुट्या अर्ध्या भागाला) पूर्ण टॉर्क देऊन, पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँकचे दोन पूर्ण फेरे. जडपणा पायरी-पायरीने, सारखा वाढला तर तो रिंगांचा, तो राहणारच. एका पिस्टननंतर एकदम वाढला, किंवा फेऱ्यात एका ठरावीक जागी अडकायला लागलं, तर चूक आत्ताच घातलेल्या पिस्टनची आहे.

पुढचा प्रश्न: दोष वरचा की खालचा? त्या रॉडच्या कॅपचे नट ढिले करा, कॅप हलक्या हाताने सुटी करा आणि क्रँक फिरवा. मोकळी झाली तर घोळ बिग एंडमध्ये. तशीच जड राहिली तर पिस्टन, रिंग किंवा रॉडचा तिरकेपणा.

बिग एंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे कॅपची अदलाबदल. रॉड आणि कॅप एकत्र आवळूनच त्यांचं गोल भोक कापलेलं असतं. दुसऱ्या रॉडची कॅप लावली, किंवा तीच कॅप उलटी फिरवून लावली, की भोक गोल राहत नाही आणि नट आवळताच पिन धरली जाते. शेलच्या जिभेच्या खाचा रॉडवर आणि कॅपवर बहुतेक इंजिनांत एकाच बाजूला येतात, तेवढं बघितलं तरी उलटी कॅप पकडता येते. अदलाबदल मात्र नुसत्या डोळ्याला कळत नाही. इंजिन उघडतानाच पेंटने किंवा इलेक्ट्रिक पेनने रॉड आणि कॅप दोघांवर सिलिंडरचा नंबर टाका. कंपनीने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका: होंडाच्या बऱ्याच इंजिनांत रॉडवरचा आकडा सिलिंडरचा नसून बिग एंडच्या भोकाच्या मापाचा असतो. तो बघून रॉड ‘क्रमाने’ लावलेले मी पाहिलेत.

हल्लीच्या अनेक गाड्यांत कॅप कापून नव्हे तर तडकवून वेगळी केलेली असते, जोडाचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. ती कॅप तिच्याच रॉडवर, त्याच दिशेला बसते, दुसरीकडे कुठेच नाही. त्या पृष्ठभागावर पॉलिश, कानस, पंच काहीही चालवायचं नाही.

कॅप बरोबर असेल तर शेल बघा. क्रँक दहा थाऊ, म्हणजे ०.२५ मिमी अंडर (तेवढी बारीक) ग्राइंड केलेली आणि शेल ०.५० मिमीच्या, हे होतं. डब्यावर काय लिहिलंय ते सोडा, शेलच्या पाठीवर छापलेलं वाचा. शेलच्या पाठीवर ऑइल, केस, फडक्याचा धागा काहीही नको. पाठ कोरडी आणि रॉडचं भोक कोरडं, ऑइल फक्त आतल्या बाजूला. ऑइलचं भोक असेल तर ते रॉडच्या भोकाशी जुळवा. शेलची टोकं जोडापेक्षा केसभर वर आलेली दिसतात, ती कानशीने बरोबर करायची नसतात. त्या दाबानेच शेल रॉडमध्ये पक्की धरली जाते.

क्रँक ग्राइंडिंग झालेली असूनही शेलच्या कडेलाच घासल्याची चकाकी दिसत असेल, तर पिनच्या कोपऱ्यातली गोलाई बघा. ग्राइंडिंगवाल्याने दगडाचा कोपरा नीट आकारला नसेल तर ती गोलाई जास्त रुंद राहते आणि शेलची कड तिच्यावर चढते. पिनचं माप अचूक, शेल बरोबर, कॅप बरोबर, तरी जाम. क्रँक परत पाठवावी लागते, दुसरा उपाय नाही.

उलट टोकाचा प्रकार म्हणजे ढिल्या बेअरिंगला कॅप घासून ‘टाईट’ करणं, किंवा शेलमागे चांदीचा कागद घालणं. अजूनही चालतं. कॅप घासली की भोक लंबगोल होतं. कागद घातला की शेलची उष्णता रॉडमध्ये जायला अडते. क्लिअरन्स खरोखर मोजायचा असेल तर प्लास्टिगेज स्वस्त आणि खात्रीचं. कोरड्या पिनवर त्याच्या धाग्याचा तुकडा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात हलवू नका, कॅप काढा आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघा. पिनच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ हा जुना ढोबळ अंदाज. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

वरच्या बाजूची चूक असेल तर ती बहुधा पिस्टन आत घालतानाच घडलेली असते. ज्या सिलिंडरचं काम चाललंय त्याची क्रँकपिन तळाला आणा. या इंजिनात पिना १२० अंशांवर असल्याने प्रत्येक सिलिंडरला क्रँक नव्याने फिरवून घ्यावी लागते. रॉडच्या बोल्टवर पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा, नाहीतर आटे पिनवर ओरखडा काढतात. रिंग कॉम्प्रेसर ब्लॉकला सपाट टेकवून धरा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन ढकला. पिस्टन थांबला की तुम्हीही थांबा. एखादी रिंग कॉम्प्रेसरमधून निसटून ब्लॉकच्या कडेवर बसलेली असते. अजून एक ठोका दिला तर ती तुटते, आणि तुटलेली बाहेरून दिसत नाही.

बाणाची दिशा, पिन आणि आवाज

पिस्टनवरचा बाण ‘पुढे’ ठेवायचा. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं, त्यामुळे पुढे म्हणजे गाडीचा बंपर नव्हे, टायमिंग बेल्टची बाजू. सिलिंडर एक नंबरही तिथूनच मोजायचा. बऱ्याच पिस्टनमध्ये पिन अगदी मध्यात नसते, थोडी एका अंगाला असते, म्हणजे पिस्टन बाजू बदलताना आपटू नये. पिस्टन उलटा लागला की थंड इंजिनात टपटप आवाज येतो, आणि माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खाचा असतील तर प्रकरण आवाजावर थांबत नाही. रॉडचीही दिशा असते, ती मॅन्युअलमध्ये ऑइलच्या भोकावरून दिलेली असते. पिस्टन आणि रॉड जोडण्याआधीच दोन्ही पक्क्या करा.

पिन रॉडमध्ये घट्ट बसणारी असेल तर ती प्रेसवर किंवा रॉडचं लहान टोक तापवून बसवायची; हातोडीने ठोकली तर पिस्टन फाकतो. सर्क्लिपवाली (स्प्रिंगच्या कडीने अडवलेली) मोकळी पिन जड जात असेल तर पिस्टन गरम पाण्यात तापवा, ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि पिन हाताने सरकते. सर्क्लिप नव्याच घाला.

आवाज आधीच येत असेल तर एकेका प्लगची वायर काढून ऐका. वायर काढताच ठकठक मंदावली तर त्या सिलिंडरचा बिग एंड. थंडीत येऊन गरम झाल्यावर जाणारा आवाज पिस्टनचा. आयडलवर येणारी बारीक दुहेरी टकटक गजन पिनची, म्हणजे पिस्टन-पिनची असू शकते.

टॉर्कबद्दल थोडंच. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर, नव्यात न्यूटन-मीटर, आणि बाजारातल्या कित्येक रेंचवर फूट-पाउंड. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, एक फूट-पाउंड म्हणजे १.३६. न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पाउंडच्या पट्टीवर लावला तर बोल्ट एक तृतीयांशाहून जास्त ताणला जातो. आटे कोरडे ठेवायचे की ऑइल लावून, हेही मॅन्युअल सांगतं. टॉर्कनंतर ठरावीक अंशात फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवे घ्या. आवळून झाल्यावर रॉड पिनवर पुढेमागे थोडा सरकतो का ते फीलरने बघा. अजिबात सरकत नसेल तर काहीतरी धरलेलं आहे.

पहिला स्टार्ट

प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, मध्ये थांबून. मग प्लग लावून सुरू करा. सुरू झाल्यावर तासभर आयडलवर ‘सेट व्हायला’ ठेवायची पद्धत सोडा. आयडलवर रिंगांना बोअरवर दाबणारा गॅसचा दाबच मिळत नाही, रेघांवर ऑइल भाजून काचेसारखा थर चढतो आणि मग त्या रिंग कधीच बसत नाहीत. गळती आणि पाणी तपासून झालं की गाडी रस्त्यावर काढा. मध्यम भार द्या, वेग चढवा, ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा चढवा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर एकाच वेगाने हायवेवर पळवणं आणि टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हायला लावणं, दोन्ही टाळा.

पहिलं ऑइल आणि फिल्टर पाचशे ते हजार किलोमीटरवर बदला, आणि जुना फिल्टर फेकून देऊ नका. कापून उघडा, कागद पिळून पांढऱ्या कपड्यावर पसरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी धूळ थोडी असणारच, ती रिंग आणि बोअरची. चुंबकाला न लागणारे चमचमते पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर गाडी पुन्हा सुरू करू नका. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा आणि बिग एंडच्या कॅप एकेक करून उघडून बघा. एवढ्या लवकर पकडलं तर बहुधा शेल बदलून भागतं आणि क्रँक वाचते.